मत्स्यालयाच्या टाकीत कुणाला उतरू द्यावं?

फ्लोरिडात ऑरलँडोजवळ, समुद्रकिनाऱ्यापासून बऱ्याच आत, डिस्नेच्या एपकॉट पार्कात खाऱ्या पाण्याची एक प्रचंड गोल टाकी आहे. १९८६च्या जानेवारीत ती ‘द लिव्हिंग सीज’ या नावाने लोकांसाठी खुली झाली. व्यास सुमारे ६२ मीटर, खोली सव्वाआठ मीटर, आणि त्यात मीठ मिसळून तयार केलेलं २ कोटी १५ लाख लिटरच्या आसपास पाणी. आत शार्क आहेत, कासवं आहेत, ईगल रे हे चपटे मासे आहेत. पाहुण्यांना या टाकीत स्कूबा डायव्हिंग करू देण्याचा जो कार्यक्रम तिथे चालवला गेला, त्याची अट सरळ होती. किमान वय १० वर्षं, आणि हातात डायव्हिंग शिकल्याचं मान्यताप्राप्त संस्थेचं कार्ड. कार्ड नसेल तर स्कूबा नाही. पाण्यातला वेळ साधारण ४० मिनिटं.

दुबई मॉलमधलं मत्स्यालय २००८ साली सुरू झालं. तिथली टाकी १ कोटी लिटरची. सुट्टीत दुबईला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना ती चांगली ओळखीची आहे, कारण मॉलमध्ये फिरता फिरताच ती समोर येते. तिथे कधीच डायव्हिंग न केलेल्या माणसालाही इन्स्ट्रक्टरबरोबर टाकीत उतरता येतं. अशा ‘अनुभव’ डायव्ह अनेक देशांतल्या मत्स्यालयांत विकल्या जातात.

दोन्ही पद्धती कायदेशीर आहेत आणि दोन्हींचे समर्थक आहेत. माझं मत स्पष्ट आहे: माशांच्या टाकीत सिलिंडर पाठीवर घेऊन फक्त प्रशिक्षित माणसानेच उतरावं. नवख्याला पाण्यात न्यायचंच असेल तर पृष्ठभागावर न्यावं. अटलांटाच्या जॉर्जिया अॅक्वेरियमने हेच केलं. व्हेल शार्क असलेल्या तिथल्या टाकीत कार्डवाल्यांसाठी डायव्ह आणि इतरांसाठी पृष्ठभागावरचं पोहणं, असे दोन वेगळे कार्यक्रम त्यांनी ठेवले. टाकी तीच, प्राणी तेच. नवख्याच्या वाट्याचं पाहण्यासारखं त्यात फारसं काही कमी होत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. टाकीत लाट नाही, प्रवाह नाही, बोट नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ, मदतीला माणसं हाकेच्या अंतरावर. नवख्यासाठी याहून सुरक्षित जागा कुठली? आक्षेप खोटा नाही. टाकीत कुणी भरकटत नाही आणि कुणी हरवत नाही. पण डायव्हिंगमधली इजा फार वेळा समुद्रामुळे होत नाही, ती दाबामुळे होते, आणि आठ मीटरवरचा दाब टाकीत असो वा अरबी समुद्रात, सारखाच असतो.

हा दाब जरा नीट समजून घेऊ. समुद्रसपाटीवर हवेचा दाब १ बार. खाऱ्या पाण्यात दर १० मीटरला आणखी १ बार. म्हणजे आठ मीटरवर १.८ बार. सिलिंडरमधली हवा तोंडात पोचवणारा रेग्युलेटर आपल्याला त्या त्या खोलीच्या दाबाचीच हवा देतो, म्हणून खालीही छाती सहज फुलते. समजा एखाद्याने तळाशी ६ लिटर हवा छातीत भरून घेतली, घाबरून श्वास रोखला आणि तसाच वर आला. पृष्ठभागावर त्या हवेला १०.८ लिटर जागा हवी असते. फुप्फुसाला तेवढं ताणता येत नाही. त्याच्या पातळ पिशव्या फाटतात, हवा छातीच्या पोकळीत शिरते किंवा थेट रक्तात जाते, आणि रक्तातून मेंदूत गेली तर पक्षाघातासारखी लक्षणं काही मिनिटांत दिसतात. भरलेल्या छातीने श्वास रोखला असेल तर ही इजा व्हायला आठ मीटरही लागत नाहीत. सव्वा मीटरच्या आसपासची खोली पुरते. डायव्हिंगच्या पहिल्याच धड्यात ‘श्वास कधीही रोखायचा नाही’ हे वाक्य पुन्हा पुन्हा घोकून घेतात, ते याचसाठी.

कानाची गोष्टही तशीच. ३० मीटरवर असलेला डायव्हर अडीच मीटर वर-खाली झाला तर त्याच्या कानातल्या हवेच्या आकारमानात सहा-सात टक्के फरक पडतो. पृष्ठभागावरून पहिले अडीच मीटर खाली जाताना तोच फरक २० टक्के असतो. म्हणजे कानांना सगळ्यांत जास्त त्रास सुरुवातीच्याच टप्प्यात, जिथे नवखा माणूस अजून मास्कच्या कडेतून पाणी शिरतंय का हे चाचपत असतो. खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात, ते आवंढा गिळला की सुटतात. पाण्यात हे दर मीटरला, दुखायच्या आधीच, नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलून करावं लागतं. दुखायला लागल्यावर जोर केला तर घशाकडून कानात जाणारी नळी आणखी घट्ट मिटते. मग उपाय एकच, थोडं वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा. जाणत्या डायव्हरला हे सांगावं लागत नाही. नवखा मात्र ‘पैसे भरलेत, वेळ जातोय’ म्हणून दुखणं सोसत खाली जातो, आणि पडदा फाटला की गार पाणी मधल्या कानात शिरून अशी भोवळ येते की वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. सर्दी असताना नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणं तर आणखी वाईट. गोळीचा असर पाण्यातच संपला तर वर येताना हवा आत अडकते, आणि त्या वेळी खाली थांबून राहण्याइतकी हवा सिलिंडरमध्ये असेलच असं नाही.

प्रत्यक्षात बिघडतं ते बहुतेक वेळा फार क्षुल्लक गोष्टीने. मास्कमध्ये पाणी शिरतं. शिकलेला माणूस मास्कची वरची कड कपाळाशी दाबतो, नजर वर करतो, नाकाने श्वास सोडतो आणि पाणी खालच्या कडेतून बाहेर जातं. पाच सेकंदांचं काम. न शिकलेल्या माणसाच्या नाकात तेच खारं पाणी जातं, ठसका लागतो, तो रेग्युलेटर तोंडातून काढतो किंवा दात आवळून श्वास रोखतो, आणि पाय झाडत वर सुटतो. सहा मीटरचं अंतर अशा अवस्थेत काही सेकंदांत कापलं जातं. शिकवलेला वेग मिनिटाला ९ मीटर, त्याहून सावकाशच. क्षुल्लक अडचण, घाबरगुंडी, रोखलेला श्वास आणि फुप्फुसाची इजा ही साखळी तोडण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे: मास्कमध्ये पाणी घेणं आणि काढणं हे उथळ पाण्यात इतक्या वेळा करायचं की खऱ्या वेळी हात आपोआप वर जावा. ‘ओपन वॉटर’ या डायव्हिंगच्या प्राथमिक कोर्समध्ये तलावातली पाच सत्रं आणि मोकळ्या पाण्यातल्या चार डायव्ह असतात, २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, दहा मिनिटं तरंगत राहावं लागतं. अर्ध्या तासाच्या तोंडी सूचनांनी त्याची जागा भरून निघत नाही.

‘पण इन्स्ट्रक्टर असतो ना!’ असतो. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या प्रास्ताविक अनुभवाच्या नियमांत कमाल खोली १२ मीटर आहे आणि मोकळ्या पाण्यात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त चार नवखे. बंदिस्त पाण्यात ही संख्या आठपर्यंत जाते. त्याचे हात दोनच. चौघांपैकी एकजण वर सुटला तर त्याच्यामागे जायचं की उरलेल्या तिघांजवळ थांबायचं, हा निर्णय त्याला क्षणात घ्यावा लागतो. म्हणून कुठे नवख्यांना उतरवतच असतील तर ‘किती माणसांमागे एक इन्स्ट्रक्टर?’ हा प्रश्न तिकीट काढण्याआधी विचारावा. उत्तर एकास एक नसेल तर काठावरूनच मासे बघितलेले बरे.

टाकीत आणखी एक गोष्ट असते जी समुद्रात नसते: प्रेक्षक. पारदर्शक भिंतीपलीकडे घरची माणसं मोबाईल धरून उभी असतात. ती अंगठा वर करतात, ‘छान चाललंय’ म्हणून. आत उतरलेला पाहुणाही हसऱ्या डोळ्यांनी अंगठा वर करतो. डायव्हिंगच्या खुणांत वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘मला वर जायचंय’ असा आहे आणि गाईडने तो गांभीर्यानेच घ्यायचा असतो. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. शिकलेल्या माणसाची इथे गल्लत होत नाही. नवख्याची होते, आणि दोन-तीनदा झाली की गाईड खऱ्या अंगठ्याकडेही संशयाने बघायला लागतो. दुसरा परिणाम अधिक खोल आहे. बघणारे समोर असले की माणूस आपली भीती लपवतो. कान दुखत असताना गोल करून ‘ठीक आहे’ दाखवतो. पोरं बघत असताना बापाला अर्ध्यातून वर यायचं नसतं. समुद्रात ही लाज निदान बोटीवरच्या चार माणसांपुरती असते.

आता प्रशिक्षित पाहुण्याबद्दल, कारण कार्ड असलं म्हणजे झालं असं मी मुळीच म्हणत नाही. कार्डाला मुदत नसते. तीन वर्षांपूर्वी अंदमानात कोर्स केला आणि त्यानंतर पाण्याला पाय लागला नाही, असा माणूसही कागदोपत्री डायव्हर असतो. टाकीत उतरण्याआधी त्याच्याकडून काठालगतच्या उथळ पाण्यात तीन गोष्टी करून घ्याव्यात: मास्क पूर्ण भरून रिकामा करणं, तोंडातून काढलेला रेग्युलेटर खांद्यामागून शोधून परत घेणं, आणि हातपाय न हलवता एक मिनिट अधांतरी तरंगणं. पंधरा मिनिटं लागतात. हे ज्याला जमत नाही त्याला तोंडी दिलासा देऊन पुढे नेऊ नये, पैसे परत द्यावेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण टाकीत तोल सांभाळणं समुद्राइतकंच अवघड असतं. आठ मीटरच्या आत थोडंसं वर-खाली झालं तरी बीसीडीतली, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटातली, हवा लगेच फुगते किंवा आकसते. वजनाचा हिशेब चुकला तर त्रास होतो. जलतरण तलावात गोड्या पाण्यात शिकलेल्या माणसाला खाऱ्या पाण्यात खाली जायला अंगावर जास्त शिसं बांधावं लागतं. खारं पाणी अडीच टक्क्यांनी जड असतं, त्यामुळे साहित्यासह ९० किलो भरणाऱ्या माणसाला दोन-सव्वादोन किलो वाढवावे लागतात. शिवाय नेहमीच्या अॅल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये भरलेल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या वर असतं. हवा वापरली की तेवढं वजन कमी होतं, आणि सुरुवातीला व्यवस्थित असलेला माणूस शेवटच्या दहा मिनिटांत बुचासारखा वर यायला लागतो. वजन कमी पडेल या भीतीने उगाच जास्त घेतलं तर उलटं होतं: पाय खाली, फिन्स तळावर, वाळू उडते, कृत्रिम प्रवाळाचे तुकडे पडतात.

हवेचा हिशेब करून बघा. नेहमीचा सिलिंडर ११.१ लिटरचा, २०७ बारला भरलेला, म्हणजे सुमारे २,३०० लिटर हवा. निवांत डायव्हर वर मिनिटाला २० लिटर घेतो. आठ मीटरवर ते ३६ होतात. ४० मिनिटांत १,४४० लिटर, म्हणजे वर येताना दाब दाखवणाऱ्या गेजवर ७५ बारच्या वर शिल्लक. एपकॉटचा ४० मिनिटांचा वेळ या गणितात आरामात बसतो. घाबरलेला माणूस मिनिटाला ३५ लिटर घेतो. आठ मीटरवर ते ६३, आणि ५० बार राखून ठेवायचे म्हटलं तर त्याची हवा सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटांतच संपते. एकाच गटात असे दोघे असतील तर गाईडला सगळी डायव्ह दुसऱ्याच्या श्वासावर बेतावी लागते. आणि ४० मिनिटं २५ अंश सेल्सियसच्या पाण्यात ३ मिलिमीटरच्या सूटमध्येही अंग गार पडतं, गार अंगाने श्वास वाढतो, हेही धरायला हवं.

पारदर्शक भिंत काचेची नसते, अॅक्रिलिकची असते. आतून ती कुठे सुरू होते ते नीट दिसत नाही. अॅक्रिलिक काचेपेक्षा मऊ. लोंबणारा प्रेशर गेज किंवा सिलिंडरचा व्हॉल्व्ह घासला की ओरखडा उमटतो आणि तो घासून काढायला माणसं खास पाण्यात उतरवावी लागतात. म्हणून लोंबणारी प्रत्येक नळी क्लिपने छातीशी बांधायची. बहुतेक मत्स्यालयं मास्क सोडून स्वतःचं साहित्य आत नेऊ देत नाहीत, तेही योग्यच आहे. समुद्रातून आलेल्या सूटवर परजीवी असू शकतात आणि बंद टाकीत एकदा रोग शिरला की तो सहज निघत नाही. सनस्क्रीन लावून उतरणंही वर्ज्य.

प्राण्यांचा मुद्दा मी मुद्दाम प्रशिक्षणाच्या मुद्द्याला जोडून मांडतो, कारण ते दोन वेगळे नाहीत. ज्याला तरंगता येत नाही तो आधाराला काहीतरी धरतो. कधी खडक, कधी जवळून जाणारी कासवाची पाठ. रे माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचं जंतूंपासून रक्षण करतो. हात फिरवला की निघतो. ‘हात लावू नका’ ही सूचना ज्याचा स्वतःच्या तोलावर ताबा आहे त्यालाच पाळता येते. समुद्रातला मासा त्रास झाला तर निघून जातो. टाकीतल्या माशाला जायला जागा ठरलेलीच, आणि पाहुणे रोजचे.

अपंग किंवा वयस्क माणसांना बोट, लाटा, शिडी झेपत नाही. त्यांच्यासाठी टाकी हाच एकमेव मार्ग असतो, असं म्हणतात. हा मुद्दा मला मनापासून पटतो, म्हणूनच प्रशिक्षणाची अट त्यांना दूर ठेवण्यासाठी वापरली जाऊ नये. अपंगांसाठी वेगळे डायव्हिंग कोर्स आहेत, त्यांत सोबत एक किंवा दोन प्रशिक्षित जोडीदार असतात आणि पाण्यात उतरायला व्यासपीठ असलेली टाकी त्यांना खरोखर सोयीची असते. अट शरीराची नको, शिकण्याची हवी.

आपल्याकडे हा प्रश्न टाकीत नाही, समुद्रात आला आहे. मालवण-तारकर्ली आणि गोव्याच्या ग्रँड आयलंडच्या बोटींवर ‘पोहता येण्याची गरज नाही’ हे वाक्य जाहिरातीसारखं वापरलं जातं. गाईड मागून सिलिंडर धरतो, पर्यटकाला पाच-सहा मीटर खाली नेतो, दहा-पंधरा मिनिटांत व्हिडिओ काढून वर आणतो. कोकणातली ही गाईड मंडळी पाण्यात वाढलेली आहेत, त्यांच्या पोहण्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण मागून धरणाऱ्याला पर्यटकाचा चेहरा दिसत नाही. त्याला दिसतात फक्त बुडबुडे. बुडबुडे थांबले म्हणजे श्वास रोखला, हे ओळखून त्याच क्षणी वर नेणं थांबवायला हवं, आणि गर्दीच्या दिवशी ओळीने पर्यटक उतरवताना नेमकं हेच सुटतं. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरणही आलं, नोंदणी आली. आता त्या नोंदणीत तीन गोष्टी लेखी हव्यात: एका गाईडमागे एकच नवखा, कंबरभर पाण्यात मास्क आणि कान यांचा सराव झाल्याशिवाय खोल पाणी नाही, आणि आरोग्याचा अर्ज बुकिंगच्या वेळी. दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार, रक्तदाब यांचे प्रश्न बोटीच्या फळीवर, मागे रांग उभी असताना विचारले तर माणूस सगळीकडे ‘नाही’ वर खूण करतो. तोच अर्ज चार दिवस आधी घरी आला तर डॉक्टरला विचारतो.

परत येणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण दुबई आणि ऑरलँडोच्या सहलीत हे हमखास विसरतं: एका डायव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान १२ तास, एकाहून जास्त डायव्ह झाल्या असतील तर १८ तास जाऊ द्यावेत. टाकी उथळ असली तरी हा नियम पाळावा. परतीच्या दिवशी सकाळी डायव्ह आणि संध्याकाळी विमान, असा बेत आखू नये.

मुंबईत १९५१ पासून तारापोरवाला मत्स्यालय होतं आणि नव्या, मोठ्या मत्स्यालयांच्या योजना अधूनमधून जाहीर होत असतात. त्यांपैकी एखादी प्रत्यक्षात आली तर टाकीत पाहुण्यांना उतरवण्याचा मोह होणारच, कारण पैसा त्यातच जास्त आहे. तेव्हा निविदेतच लिहिलेलं असावं की मुख्य टाकीला लागून, मासे नसलेली, दीड मीटर खोलीची सरावाची टाकी हवी, तिचं पाणी वेगळं हवं, आणि ती प्रेक्षकांच्या नजरेआड हवी. शंभर टक्के ऑक्सिजनचा संच टाकीच्या काठावर आणि डायव्हिंगच्या इजेवर जिथे उपचार होतात अशा सर्वांत जवळच्या दाबकक्षाचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर हवा. सरावाच्या टाकीची जागा नकाशात पहिल्याच दिवशी धरली नाही तर इमारत उभी राहिल्यावर तिथे खाण्याचे स्टॉल आलेले असतात आणि मग सराव मुख्य टाकीतच, माशांमध्ये आणि प्रेक्षकांसमोर उरकला जातो.